दंतवैद्य कालमींचे अकरा तारणहार

माझं दुकान नगरपालिकेच्या बरोबर समोर. झेरॉक्स, लग्नपत्रिका, दारूच्या बाटल्यांची लेबलं आणि शोकपत्रकं. पहिली तीन कामं हौसेची, पोट चालतं चौथ्यावर. आमच्या या सोमोवेत्स गावात आता लग्नं होतात कुठे? पोरं जर्मनीला जातात आणि तिकडेच उरकतात. मरायला मात्र सगळे इथे परत येतात. मेल्यावर एक पत्रक, चाळीस दिवसांनी एक, सहा महिन्यांनी, वर्षाने, आणि पुढे ज्याला जितकी वर्षं आठवण येईल तितकी. दारावर, विजेच्या खांबावर, बसथांब्यावर, अक्रोडाच्या झाडावर, जिथे डिंक लागेल तिथे. सकाळी पाव आणायला निघालात तर जिवंत माणसं चार भेटतील, मेलेली चाळीस. आणि मेलेले निदान हसून बघतात.

एक सांगतो, शोकपत्रकावर आमच्या गावात कुणी शंका घेत नाही. पेपर खोटा, टीव्ही खोटा, नगराध्यक्ष तर खोटाच. पण काळ्या चौकटीत छापून खांबावर लावलं की संपलं. ते खरंच. तीस वर्षं मी ही पत्रकं छापतोय. माझ्यासारख्या टवाळ माणसाच्या हातात गावाने एवढा विश्वास सोपवावा, यात चूक माझी का गावाची, ते तुम्हीच ठरवा.

दुसरी गोष्ट, मनोऱ्याचं घड्याळ. ते चाळीस मिनिटं मागे आहे. मी जन्मलो तेव्हाही मागेच होतं. तीनदा बाहेरून कारागीर आणून बरोबर लावलं. आठ दिवसांत लोक कुरकुरायला लागतात, भूक लागायच्या आधीच दुपार होतेय म्हणून. मग राखणदार गुपचूप परत मागे सारतो. त्यामुळे आमच्याकडे कुणी 'पाचला भेटू' म्हणालं की समोरचा विचारणार, "मनोऱ्याच्या का मनगटाच्या?" सरकारी काम मनगटाच्या वेळेवर, दारू मनोऱ्याच्या. युद्धाच्या काळात या घड्याळाला चावी द्यायचं काम माझ्या आजोबांकडे होतं, स्तामेन त्यांचं नाव. म्हातारा आळशी म्हणून घड्याळ मागे पडलं, असं गाव म्हणायचं. मीही तेच समजत होतो.

तर त्या वर्षी फेब्रुवारीत राजधानीहून, सोफियाहून, स्पर्धेचं पत्र आलं. नववी ते बारावीच्या पोरांसाठी. युद्धाच्या काळात आपल्या गावात ज्यूंना कुणी वाचवलं, त्यावर निबंध लिहा नाहीतर सात मिनिटांची फिल्म काढा. पहिल्या तिघांना सोफियात महिनाभर सिनेमाचं शिबिर. वहीत नोंद करून घ्यायचं काम वाचनालयाच्या गिन्का मावशीकडे, आणि शेवटची तारीख अकरा मे, दुपारी बारा.

माझी भाची यासेना सतरा वर्षांची. तिला हे शिबिर हवं होतं म्हणजे असं हवं होतं, की महिनाभर तिने माझ्याशी नीट भांडणसुद्धा केलं नाही. कारण तिची आई, म्हणजे माझी बहीण नेवेना. तिने फ्रिजवर एक अर्ज चिकटवून ठेवला होता, दातांच्या कवळ्या बनवायच्या कोर्सचा. सगळा भरलेला, फक्त सही बाकी.

"पहिल्या तिघांत आलीस तर जा सोफियाला," नेवेना म्हणाली. "नाही आलीस तर कवळ्या. दात सगळ्यांचे पडतात. सिनेमे सगळे बघत नाहीत."

आमच्या देशात शाळेत ही गोष्ट कशी शिकवतात ते सांगतो. आपण जर्मनांच्या बाजूने होतो, पण आपले ज्यू आपण त्यांच्या हाती दिले नाहीत. लोकांनी आरडाओरडा केला, मोठी माणसं आडवी पडली, गाड्या निघाल्याच नाहीत. इथे टाळ्या. आणि हे खोटं नाही. फक्त गोष्टीचा उरलेला अर्धा भाग घंटा वाजल्यावर येतो. युद्धात दक्षिणेचे जे नवे मुलूख आपल्या ताब्यात आले होते, तिथले ज्यू आपल्याच शिपायांनी गोळा केले, आपल्याच गाड्यांत कोंबले आणि डॅन्यूबवरून बोटीने वर धाडले. अकरा हजारांच्या वर. मार्च त्रेचाळीस. परत जवळजवळ कुणीच आलं नाही. यासेनाला फिल्म काढायची होती ती त्या बोटींवर, कारण त्यातल्या काही आमच्या धक्क्याला कोळसा घ्यायला थांबल्या होत्या. एवढं तिला ठाऊक होतं. पुढचं कुणी सांगेना.

उलट गावाला झाली वाचवण्याची घाई. नगराध्यक्ष द्रागोएव्हने भाषणच ठोकलं, सोमोवेत्सच्या घराघरात तारणहार होता म्हणून. दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानात तारणहारांच्या नातवंडांची रांग. आजोबा मोठे करून दे, आजोबा उजळ करून दे. द्रागोएव्ह स्वतः आला. त्याचा मुलगा मार्तिन यासेनाच्याच वर्गात, उडता कॅमेरा असलेला.

"पांचो, हे आजोबा. मोठे करून दे. मार्तिनच्या फिल्मला लागतील."

फोटो बघितला. आजोबा ताठ, बूट चकाचक, आणि कॉलरवर ते चिन्ह. त्या काळात जी पोरं हात पुढे करून जर्मन सलाम ठोकत गावातून फिरायची, त्यांचं.

"कॉलरवर जरा धूळ बसलीय," द्रागोएव्ह म्हणाला.

"धूळ नाही साहेब, चिन्ह आहे."

"तीच ती धूळ. पुसून टाक."

"पुसतो. पण यांनी वाचवलं कुणाला?"

"ते मार्तिन शोधतोय."

तो गेला आणि माझ्या अंगात आलं. आता अंगात आलं की मी ऐकत नाही. मनात म्हटलं, बिचाऱ्यांकडे तारणहार ढीगभर, वाचवलेला माणूस एक नाही. आपण देऊ की एक.

वाचनालयाच्या नाटकात मी वीस वर्षांपूर्वी काम केलं होतं, मोठी चिकटवलेली मिशी लावून. तो फोटो काढला, पिवळट केला, कोपरे फाटल्यासारखे केले. आणि खाली छापलं:

*चाळीस वर्षं तुमच्याविना. डॉ. नेसिम कालमी, दंतवैद्य. १९४३ साली सोमोवेत्समधल्या एका मायाळू घराने त्यांना आसरा दिला. ते घर ते शेवटच्या श्वासापर्यंत विसरले नाहीत. शोकाकुल परिवार, जाफा.*

घराचं नाव मुद्दाम नाही घातलं. त्यातच तर मजा होती. बारा प्रती काढल्या, सकाळी पाव आणायला जाताना चिकटवल्या, आणि दुकानात कॉफी घेऊन बसलो.

नऊ वाजता वासिल्का आजी आली. वय सत्त्याऐंशी. पत्रक खांबावरून सोलून आणलं होतं. आधी मिशीचा मुका घेतला, मग माझ्यासमोर, माझ्या तोंडासमोर ते पत्रक धरून रडायला लागली.

"हाच तो रे पांचो! आमच्या तळघरात होता. कोबीच्या पिंपामागे. आई त्याला आंबवलेला कोबी द्यायची. डोळे बघ किती मायाळू!"

"असं कसं आजी, नाव कधी काढलं नाहीस ते?"

"गुपित होतं ना!"

दुपारपर्यंत कालमी औषधवाल्याच्या माळ्यावर होता. संध्याकाळी कसायाच्या धुरांड्यात. दोन दिवसांनी तो द्रागोएव्हच्या आजोबांच्या रिकाम्या दारूच्या पिंपात सापडला, आणि तिथून त्याने आजोबांची अक्कलदाढ काढली, असं मार्तिनच्या फिल्ममध्ये आलं. पिंपात बसून! एप्रिल संपेपर्यंत गिन्का मावशीच्या वहीत अकरा नोंदी झाल्या, आणि अकराच्या अकरा कालमींना वाचवणाऱ्या. माणूस एका वेळी अकरा घरांत लपला होता. एवढी घरं त्याला लपवत होती तर लपवलं कुणापासून, हे कुणी विचारलं नाही.

मी रात्री झोपेत हसत होतो. बायको उठून दुसऱ्या खोलीत गेली.

यासेनाने पहिल्याच दिवशी मिशी ओळखली होती. तेव्हा तीही पोट धरून हसली. पण नऊ मेला ती दुकानात आली तेव्हा हसत नव्हती.

"मामा, कालमींची पाटी लावणार आहेत. संगमरवरी. नगरपालिकेच्या भिंतीवर."

"अरे वा! मी भिंतीवर जाणार!"

"हसू नकोस." तिने कॅमेऱ्याची पिशवी टेबलावर आपटली. "मी तीन महिने दारं वाजवतेय. बोटी थांबल्या त्या दिवशी काय झालं, एवढंच विचारते. सगळे म्हणतात, ते सोड, कालमींची गोष्ट ऐक. वासिल्का आजी त्या दिवशी सात वर्षांची होती, धक्क्यावर होती. तिनेही कोबीच सांगितला. तू त्यांना लपायला जागा दिलीस, मामा. कालमीला नाही, त्यांना."



"आणि हे फुटणार. एक ना एक दिवस फुटणारच. मग लोक म्हणतील, तो दाताचा डॉक्टर खोटा निघाला, म्हणजे बाकीचंही खोटंच असेल. बोटीही खोट्या. मग मी खरं सांगितलं तरी कोण ऐकेल?"

असं कुणी तोंडावर बोललं की मी काहीतरी विनोद करतो.  आणि मी काही तरी बोलणार एवढ्यात दुकानाचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल, परदेशी नंबर.

माझ्या प्रत्येक पत्रकाच्या तळाला बारीक अक्षरात दुकानाचा नंबर असतो. सवय. कालमींच्या पत्रकावरही तो होता. कुणीतरी फोटो काढून कुठेतरी टाकला आणि तो फिरत फिरत, युद्धानंतर इथले ज्यू जिथे जाऊन राहिले त्या जाफाला पोचला.

पडद्यावर एक म्हातारी. केस लालभडक रंगवलेले, चष्मा कपाळावर, मागे बाल्कनीत वांगी भाजायचा धूर.

"छापखाना का?" ती म्हणाली. बोली आमचीच, पण माझ्या आजीच्या वेळची. "मी बुका कॉन्फोर्ती. नव्वदची आहे, वेळ कमी आहे. हा कालमी कोण मेला?" मग तिने चष्मा खाली ओढला आणि मला बघितलं. "अगं बाई! हा तर जिवंत आहे!"

यासेना खुर्चीवरून पडता पडता राहिली.

"मिशी कुठे गेली रे तुझी?" बुका म्हणाली. "आम्हा ज्यूंना सोफियातून हाकललं तेव्हा तुमच्या गावी पाठवलं. मे त्रेचाळीस ते सप्टेंबर चव्वेचाळीस. तिथे दाताचा डॉक्टर नव्हता, ना ज्यू, ना दुसरा कुठला. माझी दाढ चार महिने दुखली! शेवटी लोहाराने काढली. सांडशीने! म्हणे कालमी. तो असता तर माझी दाढ राहिली असती. तर मी विचारायला फोन केला, हा माझी कसली थट्टा करतोय?"

आयुष्यात पहिल्यांदा मी एका दमात सगळं कबूल केलं. मिशी, पिंपं, अकरा घरं, सगळं. बुका इतकी हसली की तिच्या मुलीने मागून येऊन पाणी दिलं.

"बुका आजी," यासेना पुढे सरकली, "तुम्ही कुणाकडे लपला होतात?"

"लपलो कुठे गं? पोलिसांनी पत्ता लिहून दिला होता. कोटावर पिवळा तारा, दारावर पाटी. लपायचं कसं? मागच्या खोलीत राहायचो, एका खाष्ट माणसाकडे. वांग्याचा वास येतो म्हणून रोज ओरडायचा. आणि मग पाव घेऊन वांगं खायला यायचा. मनोऱ्याचं घड्याळ सांभाळायचा तो. स्तामेन."

मी यासेनाकडे बघितलं, यासेनाने माझ्याकडे.

"आमचे आजोबा," मी म्हटलं. "हिचे पणजोबा."

"तरीच," बुका म्हणाली. "तोही असाच होता. चेहरा गंभीर आणि आत नुसता चावटपणा."

मग तिने सांगितलं. यासेनाने कॅमेरा कधी लावला, मला कळलंही नाही.

"आम्हाला बाहेर पडायची मुभा दहा ते बारा. दहाला धक्क्यावरचा भोंगा वाजला की बाहेर, मनोऱ्यात बाराचे ठोके पडले की आत. नंतर रस्त्यात दिसलात तर शिपाई धरणार. वडील, अल्बेर त्यांचं नाव, त्या दोन तासांत पाव आणायचे, लाकडं आणायचे, आणि उरला वेळ तर मनोऱ्याखाली स्तामेनशी फाशांचा डाव. स्तामेन हरायचा. रोज हरायचा! हरला की चिडायचा. एक दिवस वडील डाव अर्धा टाकून उठले. स्तामेन म्हणाला, 'बस रे अल्बेर, पुरा कर.' वडील म्हणाले, 'ठोके पडतील.' स्तामेन म्हणाला, 'ठोके पाडतो कोण?' आणि गेला वर."

"आणि शिपाई?" मी विचारलं. "त्याच्याकडे घड्याळ असेल की."

"होतं ना! पण हुकुमात लिहिलेलं, आत जायचं ते गावच्या घड्याळाप्रमाणे. बिचारा रोज मनगट झटकायचा, कानाला लावायचा. त्याला वाटलं, आपलंच पुढे पळतंय. शेवटी दुरुस्तीला दिलं. कुणाकडे? तुझ्या आजोबाकडे! त्याने दोन दिवस ठेवून घेतलं आणि चाळीस मिनिटं मागे लावून परत केलं."

मी टेबलावर डोकं ठेवून हसलो. तीस वर्षं मी स्वतःला गावचा पहिला टवाळ समजत होतो.

"म्हणजे पणजोबांनी तुम्हाला वाचवलं," यासेना म्हणाली.

"वाचवलं?" बुकाने हात झटकला. "नाही गं बाळे. आम्ही जगायचं का मरायचं ते वर ठरत होतं. स्तामेनने आम्हाला चाळीस मिनिटं दिली. तीही डाव जिंकायला. पण रोज दिली, सोळा महिने. चाळीस मिनिटांत काय होतं सांगू? आई नदीवर जाऊन केस धुऊन यायची. मी दोरीवरच्या उड्या शिकले. न थांबता शंभर."

तिने चष्मा काढून पदराला पुसावा तसा झग्याला पुसला.

"आणि पुढचं सांगते तेही घाल. ते नाही घातलंस तर माझं काहीच घालू नकोस. आम्ही यायच्या आधी, मार्चात, तुमच्या धक्क्याला बोटी थांबल्या. माणसांनी भरलेल्या. तासभर होत्या. स्तामेन वर मनोऱ्यात होता, त्याला सगळं दिसत होतं. फळ्यांच्या फटींतून हात बाहेर आलेले, पाणी मागत होते. धक्क्यावर गाव उभं. पाणी कुणी दिलं नाही, शिपायांनी देऊ दिलं नाही, आणि कुणी फार मागितलंही नाही. मग बाराचे ठोके पडले आणि लोक जेवायला गेले. ते ठोके त्यानेच दिले. एक मिनिट इकडेतिकडे नाही. हे त्याने एकदाच सांगितलं, वडिलांना, फासे हातात धरून. वडिलांनी विचारलं, मग तू काय केलंस? म्हणाला, 'काय करणार? त्या दिवशी माझं घड्याळ बरोबर होतं.'"

मी झेरॉक्सचं यंत्र बंद केलं.

"अजून मागे आहे का रे ते?" बुकाने विचारलं.

मी फोन खिडकीकडे फिरवला. मनोऱ्यात साडेचार. मनगटावर पाच वाजून दहा. बुकाने चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि काटे बघितले. 

"छान," ती म्हणाली. "एक डाव होईल तेवढ्यात."

फोन ठेवल्यावर यासेना माझ्याकडे वळली. मला ती नजर ठाऊक आहे, नेवेनाची आहे.

"मामा, परवा शेवटचा दिवस. मला तुझी कबुली पाहिजे. कॅमेऱ्यासमोर."

"देतो की, बस इथे."

"इथे नाही. गावात. जिथे जिथे कालमी चिकटवलास तिथे तिथे."

"अगं, नदीत टाकतील मला!"

"टाकू दे. मी शूट करीन."

तर अकरा मेच्या सकाळी आठ वाजता मी निघालो, बगलेत नवी पत्रकं, हातात डिंकाचा डबा, मागे यासेना कॅमेरा घेऊन. पत्रकावर तोच फोटो आणि खाली:

*अत्यंत दुःखाने कळवतो, की डॉ. नेसिम कालमी यांचं, ते कधी जन्मालाच न आल्यामुळे, निधन झालं आहे. त्यांना कुणीही वाचवलं नाही. शोकाकुल: छापखानेवाला पांचो, मिशीचा मालक.*

आमचा अंदाज होता, नऊपर्यंत आटोपेल. पण माणसं दारातून हलू देतील तर ना! औषधवाल्याने पत्रक वाचलं, दार लावून घेतलं, मग खिडकीतून माझ्यावर भांडंभर पाणी ओतलं. कसाई म्हणाला, त्याच्या आजोबांच्या इभ्रतीचा प्रश्न आहे आणि सुरी परजून ठेवलीय. आणि वासिल्का आजी! तिच्या दारात अर्धा तास गेला.

"तुला काय माहीत रे?" ती म्हणाली. "तू नुसता छापलास. राहिला तो आमच्याकडे."

"आजी, तो मी होतो. ही बघ, मिशी." मी खिशातून मिशी काढून लावली.

तिने निरखून बघितलं. "तू असशील. पण तो वेगळा होता. तो सभ्य होता."

"वासिल्का आजी," यासेना हळूच म्हणाली, "बोटी थांबल्या त्या दिवशी तुम्ही धक्क्यावर होतात ना?"

म्हातारी एकदम दार लावायला लागली. मग हात दारावरच राहिला. कॅमेऱ्याकडे बघितलं नाही, माझ्या मिशीकडे बघत राहिली.

"माझ्या हातात पाण्याचा लोटा होता," ती म्हणाली. "आईने दिला होता. मी धक्क्याच्या टोकापर्यंत गेले. शिपायाने नुसतं बघितलं माझ्याकडे. मारलं नाही, ओरडला नाही. मी परत आले. भरलेला लोटा घेऊन.  ते पाणी आईने कोबीच्या पिंपात ओतलं." आणि मग, "जा आता. जा म्हणते ना."

आम्ही तिथून धावतच दुकानात आलो. वाटेत द्रागोएव्ह आडवा आला, पत्रक मुठीत चुरगाळलेलं.

"पांचो, उद्यापासून नगरपालिकेचा एक कागद तुझ्याकडे येणार नाही!"

"चालेल साहेब. तेवढे तुमचे आजोबा घेऊन जा, मोठे करून ठेवलेत. धूळ मात्र निघाली नाही. पक्की बसलीय."

अकरा वाजता यासेना संगणकासमोर बसली. लोटा, घड्याळ, बुका, मिशी, सगळं सात मिनिटांत बसवायचं होतं. माझा संगणक म्हणजे काळ्या चौकटी काढायला ठीक, सिनेमा बघून त्याची छाती दडपली. अकरा पन्नासला पडद्यावर पट्टी सरकायला लागली आणि निम्म्यावर अडकली. यासेनाने नखं खाल्ली, मग माझी खायला बघत होती. पट्टी संपली तेव्हा मनगटावर बारा वाजून वीस.

"संपलं," ती म्हणाली. "कवळ्या."

"पळ आधी," मी म्हटलं आणि तिच्या मागे धावलो.

वाचनालय चौकाच्या पलीकडे, मनोऱ्याच्या समोर. आत गिन्का मावशी वही मिटून बसलेली. सदतीस वर्षं ती तिथे आहे, आणि पुस्तक एक दिवस उशिरा आणलं म्हणून तिने स्वतःच्या नवऱ्याला दंड केलेला आहे. तिच्यासमोर द्रागोएव्ह, कपाळावर घाम.

"नुसती फिल्म परत द्या म्हणतोय," तो विनवत होता. "कालमी काढून दुसरं काहीतरी घालतो. अडचण समजून घ्या मावशी."

"बारा वाजून गेले. वही बंद."

यासेनाने पेनड्राइव्ह पुढे केला. गिन्का मावशीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. बारा पंचवीस.

"तुलाही तेच, पोरी. नियम सोफियाचा आहे."

"माहीत आहे," यासेना म्हणाली. तिने पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. "उशीर झालाच. खरं बोलायला उशीर लागला."

"एवढं काय आहे त्यात?"

यासेनाने सांगितलं. थोडक्यात. दहा ते बारा, फाशांचा डाव, शिपायाचं मनगट, शंभर उड्या. मग बोटी, आणि वासिल्का आजीचा लोटा. लोट्यापाशी गिन्का मावशीने चष्मा काढला. वासिल्का आजी म्हणजे तिची सख्खी मावशी. वहीतल्या अकरा नोंदींत पहिली नोंद तिच्याच घरची होती.

 मग गिन्का मावशी उठली, खिडकी उघडली आणि बाहेर मान काढून मनोऱ्याकडे बघितलं. परत येऊन वही उघडली.

"अकरा पंचेचाळीस," तिने मोठ्याने म्हणत लिहिलं. "नोंद बारावी. नाव सांग."

"काय चाललंय हे?" द्रागोएव्ह ओरडला. "सरकारी काम मनगटाच्या वेळेवर होतं!"

"माझ्या वाचनालयात मनोऱ्याची वेळ चालते."

"कधीपासून?"

"त्रेचाळीसपासून," गिन्का मावशी म्हणाली, मान वर न करता.

 द्रागोएव्हच्या डोक्यात हिशोब पेटला. "म्हणजे मार्तिनलाही पंधरा मिनिटं आहेत!" आणि एवढा मोठा माणूस चौकातून असा पळत सुटला, की त्याची फिल्म यासेनाने काढली नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढे महिन्याने निकाल लागला. यासेना तिसरी आली. नेवेनाने फ्रिजवरचा अर्ज काढला आणि त्यावर चीज भरलेल्या गरम बनित्साचं तबक ठेवलं, म्हणजे ती मान्य करते असं समजायचं. मार्तिनने त्या पंधरा मिनिटांत काय दिलं, ते मी नंतर वहीत बघितलं: आजोबांचा फोटो, धुळीसकट, आणि खाली एकच ओळ. 'यांनी कुणाला वाचवलं ते सापडलं नाही.' मला ते पोरगं आवडायला लागलंय. औषधवाला अजून माझ्याशी बोलत नाही. वासिल्का आजी दर वर्षी कालमींचं पत्रक छापून नेते, मी फुकट देतो.

पण त्या दिवशी द्रागोएव्ह पळाला, आणि आम्ही तिघं तिथेच बसून राहिलो. गिन्का मावशीने कॉफी केली. यासेनाने बुकाला फोन लावून खिडकीत धरला. मनगटावर बारा चाळीस झाले तसे मनोऱ्यात ठोके पडायला लागले. बुका पलीकडून मोजत होती, अकरापर्यंत हळू आणि बारावा मोठ्याने.

गिन्का मावशीने वही मिटली आणि पंजा त्यावर ठेवला.

"झाले बारा," ती म्हणाली. "आता घरात जा सगळे."

"मी नाही जात!" फोनमधून बुका म्हणाली. "मी आज बाहेर जेवणार आहे."